माणूस घडवणारे सर

फुटबॉल क्लबातल्या सरांचं नाव निघालं की ताईच्या कपाळाला आठी पडे. ती त्यांच्या हाताखालची प्रशिक्षक. मुलींना मैदानाभोवती पळायला लावणं, पासचा सराव घेणं, खरचटलेल्या गुडघ्यांना औषध लावणं हे तिच्याकडे, सरांकडे भाषण. राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसण्यात सरांची उमेदीची वर्षं गेली होती. मग कुठलंसं शिबिर करून आले आणि 'सकारात्मक प्रशिक्षण' हे शब्द त्यांच्या तोंडी बसले. पोरगी तोंडावर आपटली तरी "छान", चेंडू कुंपणापार गेला तरी "छान".

"हार-जीत गौण हो, आपल्याला माणूस घडवायचाय," असं ते आयांना सांगत, आणि सांगताना पोट आत ओढून घेत. आया माना डोलवत. ताईला वाटे, या माणसाला घडवायचं मात्र राहूनच गेलं.

क्लब कधी नव्हे तो अंतिम सामन्यात पोचला. सामना संपत आला तरी बरोबरीच होती. समोरच्या मुलीनं मारलेला चेंडू आपल्या गोलरक्षक मुलीनं पोटाशी धरला. सगळे तिला चिमणी म्हणत. चेंडू गोलरेषेच्या आत गेला होता, पण पंचाला ते दिसलं नाही. "चला, पुढे खेळा," तो म्हणाला.

चिमणी चेंडू घेऊन त्याच्यापाशी गेली. "काका, गोल झाला होता."

तिथेच सामना गेला.

सरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पण वर्तमानपत्राचा माणूस येताना दिसला तशी त्यांची कळी खुलली. चिमणीच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणाले, "आम्ही रोज हेच शिकवतो." फोटो निघाला.

कपडे बदलायच्या खोलीचं दार लागलं आणि सरांचा सूर बदलला. "तुला कुणी विचारलं होतं का गं?"

"नाही, सर."

"मग नको तिथे अक्कल पाजळायची काय गरज होती?"

पुढच्या स्पर्धेच्या संघात चिमणी नव्हती. "पोरीच्या मनावर ताण नको," असं सरांनी तिच्या वडिलांना समजावलं. भाबडा बाप, त्यानं वर आभार मानले.

"तिला का काढलं ते त्यांना खरं सांगा, सर," ताई म्हणाली.

"ताई, तुम्ही जरा सकारात्मक व्हा."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण याच्यावर शब्द खर्च करायचे म्हणजे तोंडाची वाफ दवडणं. तिनं शिट्टी टेबलावर ठेवली आणि निघाली.

सरांना त्या फोटोच्या जोरावर चारित्र्य घडवल्याबद्दल ढाल मिळाली. आता ते शाळाशाळांतून व्याख्यानं देत हिंडतात. ताई शाळेमागच्या खडबडीत मैदानावर मुलींना शिकवते. चिमणीही तिथेच येते.

एकदा ती बूट घालता घालता म्हणाली, "आज सर आमच्या शाळेत आले होते. म्हणाले, गोल झाल्याचं पंचाला सांग, असं त्यांनीच बाहेरून त्या मुलीला खुणावलं."

"तू काय केलंस?"

"मी पहिल्याच रांगेत होते. त्यांनी मला ओळखलंच नाही."

ताईला हसू आलं. सरांची कीव करावी असंही तिला क्षणभर वाटलं, पण तेवढंही त्यांना द्यायला तिचं मन होईना. "हातमोजे घाल," ती म्हणाली, आणि चेंडू घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली.