मागची भिंत

कुणाच्या घरी तरुण मुलाचा चंदनाचा हार घातलेला फोटो दिसला, की मला सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसातली ती दुपार आठवते. घरून करायच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मी ऑनलाइन मुलाखती घेत होते आणि दुसऱ्याच्या नावावर बसणाऱ्या तोतयांनी वैताग आणला होता. त्या दुपारी समोर आलेला कुंभारी गावचा मुलगा पहिल्या फेरीत फोनवर फाडफाड बोलला होता. आता मात्र साध्या प्रश्नालाही अडखळत होता, अर्जातल्या फोटोशी चेहराही नीट जुळत नव्हता. "मागचं ब्लर काढ आधी," मी दरडावलं. त्यानं काढलं, आणि त्याच्या डोक्यामागे भिंतीवर अर्जातलाच चेहरा दिसला, हार घातलेला. तेवढ्यात त्याचे वडील कॅमेऱ्यापुढं वाकले. "थोरला गेला की म्याडम, तुमच्याशी फोनवर बोलल्याला, गेल्या म्हयन्यात. गिरणीत माज्या बाच्या जागेवर मला घेतलं हुतं. मग थोरल्याच्या जागेवर ह्येला का न्हाय?" आमच्याकडे तसं चालत नाही, हे मी कसंबसं सांगितलं. "बरं," म्हणत ते हात जोडून भिंतीपाशी सरकले. मुलानं घाईनं ब्लर पुन्हा लावलं, तसे फोटो आणि वडील दोघंही पुसट झाले. आजही तोतया ओळखायला "मागची भिंत दाखवा" म्हणावंच लागतं. ती रिकामी निघू दे, एवढंच तेव्हा मनात म्हणते.