एकेचाळीस व्हाल आणि आबाराव

हिवरापूरच्या नळाला पाणी सोडायचे-तोडायचे एकेचाळीस व्हाल होते आणि सगळे जमिनीच्या पोटात होते. कुठं होते, हे गावात एकट्या आबारावाला ठाऊक होतं.

यात आबारावाची काही चालाखी नव्हती. निजामाच्या राज्यात नळ पडले तेव्हा प्रत्येक व्हालावर लोखंडी झाकण होतं. निम्मी झाकणं लोकांनी नेली. तालमीपाशी एक बाई तर बरीच वर्षं त्यातल्या एकावर भाकरी भाजत होती. उरलेल्या झाकणांवर, नवं राज्य आल्यावर पुढारी येणार म्हणून वीतभर मुरूम पडला. दुसऱ्या वर्षी दुसरा पुढारी आला, आणखी वीतभर पडला. खुणेचे दगड रोवून पाहिले, पण पंधरा दिवसांत काहींवर धुणं आलं आणि बाकीचे चुलीला गेले. नकाशा होता, पण तो उर्दूत होता आणि हैदराबादेत होता. टौन कमिटीनं त्यासाठी तीन पत्रं धाडली. तिसऱ्याचं उत्तर आलं, की नकाशा पहिल्या पत्रासरशीच रवाना झालेला आहे.

आबाराव मूळ धावड्याचा, धनगराचा. मेंढरं बापाच्या हयातीतच संपली होती आणि जमीन कधी नव्हतीच. रझाकाराची गडबड मिटल्यावर तो बायकोला, इंद्रायणीला घेऊन हिवरापुरात आला आणि नळावर रोजानं लागला. जुन्या चावीवाल्यानं त्याला दोन महिने संगं हिंडवलं आणि मग तो म्हातारा मेला. आबारावाला अक्षर येत नव्हतं, पण ज्याला दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखू येतात त्याला एकेचाळीस व्हाल काय जड? त्यानं ते पावलांवर बसवले. खालच्या आळीचा व्हाल म्हणजे गोपिकाबाईच्या म्हशीच्या खुंट्यापासून मारुतीकडं तोंड करून अकरा पावलं. तिथं पहारीनं मुरूम उकरायचा, लांब चावी घालायची, सात आटे फिरवायचे. आबाराव हाडानं उंच, ढांग अशी की बरोबरच्या माणसाला पळावं लागायचं.

तीन वर्षं त्यानं रोजच्या रोज पाणी सोडलं आणि दर दसऱ्याला पक्क्या नोकरीची अर्जी दिली. कमिटीचे कारकून मुकुंदराव अर्जी वाचायचे, फाईलला लावायचे आणि म्हणायचे, "जागा निघाली की बघू."

बावन्न साली जागा निघायच्या ऐवजी ठेकाच निघाला.

नदीतल्या विहिरीवरचं इंजन महिन्यातून दहा दिवस बंद पडायला लागलं होतं. कमिटीनं ठराव केला: आपल्याच्यानं हे चालत नाही, तीन वर्षं ठेक्यानं द्यावं. जालन्याच्या मस्तगडमधले जगन्नाथशेट यांनी ठेका घेतला. त्यांचं तेलाच्या इंजनाच्या दुरुस्तीचं दुकान होतं. ठरलं असं, की इंजन, टाकी, नळ मालकीनं कमिटीचे. चालवायचे शेटनं, पट्टी घ्यायची शेटनं, माणसंही शेटचीच. कमिटीची रोजंदारी त्या दिवसापासून बंद.

ताबा द्यायचा दिवस वैशाखातला होता. ऊन फार, म्हणून सगळा ताबा दफ्तरात बसूनच दिला. मुकुंदरावांनी फेहरिस्त केली: इंजन अदद एक, टाकी अदद एक, चाव्या अदद दोन, शिडी अदद एक, व्हाल अदद एकेचाळीस. व्हाल कुठं, तर आबारावानं दारात उभं राहून सांगितलं आणि मुकुंदरावांनी एकेचाळीस ओळी लिहून घेतल्या, पावलांसकट. शेटनं दस्तखत केलं. आबारावानं चाव्या मेजावर ठेवल्या आणि घरी गेला.

"झालं?" इंद्रायणीनं विचारलं.

"झालं. समदं देऊन आलो."

"आन् तुमाला कोनाला देलं?"

तो जेवायला बसला.

तिसऱ्या दिवशी शेटचा माणूस रामकिसन कागद घेऊन खालच्या आळीत आला. कामाला चोख, पण चणीनं लहान. त्यानं खुंट्यापासून अकरा पावलं टाकली आणि खणलं. नळ सोडा, ओलसुद्धा लागली नाही. मग त्यानं बारा टाकली. मग मारुतीच्या जरा डावीकडं तोंड करून पाहिलं.

गोपिकाबाई ओट्यावर बसून बघत होती. चौथ्या खड्ड्याला ती म्हणाली, "भाऊ, आळं करून राह्यला का? आंब्याची कोय आनून देऊ?"

"बाई, कागदात अकरा पावलं लिवलेत."

"कागदाला पाय हायेत का? ज्याची पावलं त्याला बलवा की!"

पण बोलवायचं कोणी? कमिटी म्हणाली, आम्ही ताबा दिला, पाणी शेटचं. शेट म्हणाले, "फेहरिस्तमधे व्हाल एकेचाळीस. मला दिसले नऊ. बाकीचे तुम्ही दिलेच न्हाईत." गोपिकाबाई स्वतः आबारावाच्या दारात गेली. आळी आठ दिवस नदीवरून डोक्यानं पाणी आणून राहिली होती.

"चल रे आबा, सोड पानी."

"सोडलं असतं आक्का. पन कोनाच्या हुकमानं? कमिटीचा न्हाई राह्यलो, शेटचा झालो न्हाई. परक्याच्या व्हालाला हात लावला तर चोरी व्हती ती."

"आन् आमी तहानेनं मेलो तर?"

"मला इचारतील तर मी येतो. हाक तर मारू द्या कोनाला."

आतून इंद्रायणी म्हणाली, "एकदा फुकट दावलं की जलमभर फुकट. नोकरी द्या म्हनावं, मंग पाय उचलतेत." गोपिकाबाईला ते पटलं. ती तिथून उठून तडक दफ्तरात गेली आणि कमिटीच्या चेअरमनच्या मेजावर रिकामी घागर ठेवून आली.

चेअरमननं दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरला बोलावलं. ओव्हरसियर शिकलेला होता. तो म्हणाला, प्रश्न माणसाचा नसून मापाचा आहे. या इसमाचं पाऊल मोजून ठेवलं की इसमाची जरूर राहणार नाही. आबारावाला शिपायाकरवी बोलावणं गेलं.

कशासाठी बोलावलंय हे त्याला वाटेत शिपायानं सांगितलं. तरी तो आला. वहाणा दाराबाहेर काढल्या. दफ्तराच्या फरशीवर मुकुंदरावांनी खडूनं रेघ मारली. समोर चेअरमन, ओव्हरसियर, जगन्नाथशेट, तिघं खुर्च्यांवर.

"चाल," ओव्हरसियर म्हणाला. "रोज चालतोस तसा."

आबाराव हात जोडून, मान खाली घालून चालला. नवी सून सासऱ्याला ताट घेऊन जाते तसा. दहा पावलं मोजली, सरासरी काढली, एक फूट पाच इंच. मुकुंदरावांनी फेहरिस्तीखाली लिहिलं, 'एक पाऊल म्हणजे एक फूट पाच इंच,' आणि चेअरमननं सही केली.

घरी इंद्रायणीनं विचारलं, "मुद्दाम केलं का?"

"न्हाई गं. लई जोर लावला. साहेबापुढं पाय उचलंच ना."

रामकिसननं या मापानं आणखी पाच दिवस खणलं. आळीतून बैलगाडी जाईना. शेवटी चेअरमन, ओव्हरसियर आणि शेट तिघं स्वतः, मागं कागद घेऊन मुकुंदराव, असे खालच्या आळीत आले आणि आबारावाला तिथं उभं केलं. आळीत कुणी खुर्चीवर बसलेलं नव्हतं. आबारावानं खुंट्याला पाठ लावली, मारुतीकडं बघितलं आणि नऊ ढांगा टाकून थांबला. पहार मारली. खण्णकन लोखंड वाजलं.

"नऊ?" मुकुंदराव कागद बघत म्हणाले. "तू अकरा सांगितलीस."

"खुंटा सरकला. म्हैस गाभन हाये, तिला सावलीला बांधत्यात. व्याली की मंग अकरा."

ओव्हरसियरनं मापाच्या फितीची घडी घालून खिशात ठेवली. बाकीचे चाळीस कसे आहेत, हे त्यानं विचारलं नाही.

मग रस्त्यातच वाद सुरू झाला. शेट म्हणाले, "जिसके बगैर व्हाल सापडत न्हाई, तो सामानात धरायचा की न्हाई? चावी दिली, शिडी दिली, हा का न्हाई दिला? अर्धवट ताबा मी घेत न्हाई." चेअरमन म्हणाले, आमच्याकडं माणूस ठेवायला जागाच उरली नाही. शेट म्हणाले, जुना माणूस घ्यायचा नाही, असं माझ्या करारात कलम आहे. मग मुकुंदरावांनी गोपिकाबाईच्या ओट्यावर फेहरिस्त पसरली आणि शिडीच्या खालच्या ओळीत लिहिलं: 'आबाराव, अदद एक.' करारात माणूस घ्यायला बंदी होती, सामान घ्यायला नव्हती. शेटनं दस्तखत केलं. पोच म्हणून आबारावाचा अंगठा घेतला. त्यानं अंगठा धोतराला पुसला आणि सात आटे फिरवले. संध्याकाळपर्यंत आळी पाणी भरत होती.

करारात अट होती, की सामान ठेकेदारानं चालू हालतीत ठेवावं आणि मुदत संपल्यावर चालू हालतीत परत करावं. त्यामुळं शेटला इलाज राहिला नाही. आबारावाला ताप आला तेव्हा त्यांनी जालन्याहून डॉक्टर आणवला. वहाणा झिजल्या की नव्या घेऊन दिल्या. ओव्हरसियर दरसाल तपासणीला यायचा, इंजन बघायचा, टाकी बघायचा, शिडी हलवून बघायचा आणि आबारावाला आळीच्या टोकापर्यंत चालायला लावायचा.

पंचावन्न साली ठेका संपला. शेटला परवडलं नव्हतं आणि कमिटीला करमत नव्हतं. परत ताबा झाला. चावी एक गहाळ निघाली, शिडीच्या दोन पायऱ्या गेलेल्या. आबाराव अदद एक, चालू. चेअरमन नवे होते. ते म्हणाले, "हा कोण? याची जागा कुठं आहे? नाव काढून टाका."

मुकुंदरावांनी चष्मा पुसला. "साहेब, दफ्तरी सामान निकामी झाल्याबिगर बाद करता येत नाही. आणि चालू सामानाचा खर्च दरमहा कायम धरावा लागतो."

"कायम?"

"कायम."

नव्या चेअरमननं सही केली. 'आबाराव, अदद एक, चालू, खर्च दरमहा कायम' ही ओळ आबारावानं मुकुंदरावांकडून दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, "मुकुंदराव, निकामी व्हायला किती वर्सं लागत्यात?"

"सांगता येत नाही," मुकुंदराव म्हणाले. "शिडी निजामाच्या वेळची आहे."

आबारावानं अंगठा उठवला.