मैनेची लेक आणि ज्ञानूआण्णांची चप्पल

मंगळवार पेठेत कृष्णातच्या घराच्या पत्र्यावर नऊ चपला होत्या. सगळ्या डाव्या पायाच्या. आजा ज्ञानूआण्णा चिडला की डावी चप्पल पत्र्यावर भिरकावायचा. बापाचंही तेच. कृष्णातचंही तेच.

"रक्तात हाय," तो छाती काढून सांगायचा.

"मग शिडी बी रक्तातनंच काढा," बायको शालन म्हणायची. उजव्या चपला तिनं पोत्यात भरून ठेवल्या होत्या.

त्याची मैना म्हैस दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लेवून, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागं सुसाट पळायची. पेठेत तिचं नाव होतं. ती मेली तेव्हा तिची रेडी चंदी पंधरा दिवसांची होती. शालननं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. शालन रोज सकाळी बॅटरीच्या स्कूटरवरून रतीब घालायची. चंदी मागोमाग. घरी आल्यावर ओंजळभर पेंड.

अशी तीन वर्षं गेली. यंदाच्या पाडव्याआधी तालमीतल्या पोरांनी विचारलं, "दादा, सराव कवा?"

"मैनेची लेक हाय ती. माशाच्या पोराला पवायला शिकवाय लागतंय व्हय? माझ्या गाडीमागं न्हाय पळाली तर मिशी उतरवतो."

पोरांनी मिशीकडं बघितलं. त्या मिशीला सोळाव्या वर्षापासून वस्तारा लागला नव्हता. मिशीखालचा कृष्णात शालननंही पाहिला नव्हता.

पाडव्याला रस्ता दुतर्फा भरला. कृष्णातनं गाडीला किक मारली. कानठळ्या बसल्या. चंदी शांतपणे खाली बसली आणि रवंथ करू लागली. त्यानं हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या, शेवटी हात जोडले. चंदीनं डोळे मिटले.

तेवढ्यात घरी विसरलेला नारळ घेऊन शालन आली. स्कूटरचा आवाजच नव्हता. नारळ देऊन ती वळली आणि चंदी उठली. शेपूट वर करून जी सुटली, ती मैनाही कधी पळाली नव्हती अशी. पुढं शालन, मागं म्हैस, त्यामागं पायी कृष्णात.

"वयनी, तुमची मिशी कुठं हाय?" कुणीतरी ओरडलं.

घरी येऊन कृष्णात कडाडला, "रक्तच खोटं निघालं!"

त्याची आई धोंडुबाई वाती वळत होती. "रक्ताचं तू बोलू नगंस बाबा. तू बिद्रीच्या कारखान्यावरच्या कारकुनाचा. ह्यांचा जिवाभावाचा दोस्त, मी भावजी म्हणायचो त्यास्नी. नवरा-बायको दोघंबी अपघातात गेली, तवा सहा म्हयन्याचा तुला उचलून आणला. लई गरीब माणूस. जन्मात आवाज चढवला न्हाय."

"आणि हे आज सांगतीस?"

"तुझ्या लग्नात सांगणार हुतो. जेवणावळीच्या गडबडीत ऱ्हायलं."

कृष्णातचा डावा पाय आपोआप उचलला गेला. पत्र्यावर दहावी चप्पल वाजली.

"बघ," धोंडुबाई कौतुकानं म्हणाली, "हुबेहूब ज्ञानूआण्णा!"

पण शब्द म्हणजे शब्द. एक पाय अनवाणी, तसाच तो न्हाव्याकडं गेला. परतला तेव्हा ओठ उघडा होता. पातळ, जरासा डावीकडं मुडपलेला. शालन त्याला ओळखायला थबकली.

धोंडुबाईच्या हातातली वात गळाली. तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला.

"भावजी," ती म्हणाली, "कवा आलासा? बसा की."

कृष्णात खाली मान घालून बसला. आवाज न चढवता त्यानं पाणी मागितलं.