झेंडू तोडू का?

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात आले आणि इथलीच झाले. पुढे शाळेतून निवृत्त झाले, यजमान गेले, मुलगी बंगळुरूला गेली. बोलायला उरला फक्त दूधवाला, आणि तोही हल्ली पिशवी कडीला अडकवून पसार होतो. अशात एका संस्थेतले साहेब आवाज शोधत माझ्या दारी आले. पावसाची चिन्हं असली की सकाळी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर फोन जायचा आणि आधीच ध्वनिमुद्रित केलेला हवामानाचा अंदाज ऐकू यायचा. छापील मराठीतला निरोप लोक अर्ध्यातच कापत होते, म्हणून वऱ्हाडी बोलणारी बाई हवी होती. आढेवेढे घ्यायची माझी सवय, पण त्या दिवशी ती कुठे गेली कोण जाणे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले.

मला मजकूर यायचा, 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.' आता 'तुरळक ठिकाणी' म्हणजे कोणतं ठिकाण? मी ते काढून टाकलं आणि म्हणू लागले, "एखाद्या गावाले येईन, बाजूच्याले नाई येईन." दुसरा हट्ट सुरुवातीचा. आपल्याकडे कोणी दारात पाय ठेवल्या ठेवल्या कामाचं बोलत नाही. म्हणून माझा निरोप "राम राम, झाला का चहा?" असा सुरू व्हायचा. मग जरा थांबायचं आणि नंतर आभाळाकडे वळायचं. त्या थांबण्याला साहेबांचा विरोध होता. पण मी ऐकणारी नव्हे.

पुढे हिवरखेडला शेतकऱ्यांची बैठक झाली. निरोप कसा वाटतो, हे साहेब विचारत होते. मी मागे गुपचूप बसले होते. एक म्हातारे गृहस्थ तावातावाने उठले.

"त्या बाईले जरा समजावून सांगा. चहा झाला का म्हून इचारते, अन् आमी सांगून राहिलो त आयकतच नाई. आपलंच दामटते अन् फोन ठेवते. लय घमंडी हाये."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या सगळ्यांना वाटत होतं, मी खरोखरच एकेकाला फोन करते. साहेब पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही, राग आला. इतके दिवस माणसं माझ्याशी बोलत होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

त्या तक्रारीतून एक सुधारणा झाली. निरोप संपला की एक शिट्टी वाजायची आणि मग ऐकणाऱ्याला बोलता यायचं. ते बोलणं साठून संध्याकाळी माझ्याकडे यायचं. बोलणाऱ्याचा नंबर मात्र दिसत नसे. कोणाला उगाच त्रास नको म्हणून तसा नियम होता, आणि तो चांगलाच होता.

मग माझ्या संध्याकाळी भरल्या. "झाला चहा बाई, तुमचा?" "चाय हो गई, अब पानी का बोलो." कोणाच्या मागे बकरी ओरडायची, कोणी नुसतंच खाकरून फोन ठेवायचं. मी पोळ्या लाटता लाटता उत्तरं द्यायची, "माझाही झाला हो." स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कोणी नसायचं. कोणी पाहिलं असतं तर म्हातारीला वेड लागलं म्हणालं असतं.

दसरा जवळ आला तेव्हा एका बाईचा आवाज आला. वय माझ्याच आगेमागे असावं.

"बाई, मी बाळापूरकडची. एकटीच हावो. झेंडू फुलून उभा हाये. आज तोडला त दसऱ्यापर्यंत सुकन. ठेवला अन् पानी आलं त काळा पडन, मंग कोनी हात नाई लावत. तोडू का नोको? सांग."

तिचं वर्षाचं पीक त्या एका सणावर होतं. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आपला अंदाज तालुक्याचा आहे, तिच्या वावराचा नाही. आणि एकटीला उत्तर देता येत नाही." त्यांचं चूक नव्हतं. मजकूर पाहिला, तर तोच 'तुरळक ठिकाणी' समोर. त्या दोन शब्दांचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

सकाळी मी सगळ्यांच्या निरोपातच तिला उत्तर दिलं. "बाळापूरच्या झेंडूवाल्या माय, तुह्या वावरात पानी येईन का नाई, हे कोनालेच माईत नाई. मलेबी नाई. माह्या वावरात झेंडू असता त म्या अर्धा तोडला असता." साहेबांनी कुरकुरत ते जाऊ दिलं, पुन्हा असं करायचं नाही म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्यात धो धो पाऊस आला. मी खिडकीशी उभी होते. इथे पडतोय म्हणजे तिथेही पडतोय असं नव्हे, हे लोकांना सांगणारी मीच. तरी मी खिडकीपासून हलले नाही. कोणाला विचारावं, तर नंबर नाही.

दसरा झाला आणि पुढच्या निरोपावरच्या बोलण्यात तिचा आवाज आला.

"बाई, पानी आलं. उभा होता तो गेला, तोडला होता तो इकला. तू जीवाले लावून घेऊ नोको. अर्धा तोडाचा, हे माह्या मनात पयलेच होतं. पन घरचं मानूस गेल्यापासून 'तोड' म्हननारं कोनी नाई. म्हून इचारलं."

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि रडले. मलाही हेच कोणाला तरी सांगायचं होतं. आज भाजी काय करू, एवढंसुद्धा विचारायला माझ्या घरात माणूस नाही. आणि हे ज्या बाईला कळलं असतं, ती बाळापूरकडे कुठेतरी होती. उद्याच्या निरोपात तिला काय म्हणायचं, ते मी मनात घोळवत बसले.

सकाळी मजकूर आला, 'हवामान कोरडे राहील.' कोरडं असलं की निरोप पाठवत नाहीत. पावसाळा सरला होता. त्यानंतरचा प्रत्येक मजकूर कोरडाच आला.