पाव्हण्यांनी बसवलेलं कार्ड

आमच्या घरात जावयानं हात लावलेल्या वस्तूला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो. दाजींनी मागं एकदा कॅलेंडरचा खिळा भलतीकडं ठोकला. तेव्हापासून कॅलेंडर दाराआड आहे, आणि तारीख बघायची तर माझे वडील, आबा, आधी दार लोटतात. खिळा काढत नाहीत.

दाजी सणसवाडीला एका कंपनीत डिस्पॅचला आहेत. दिवसभर कॉम्प्युटरवर गाड्यांचे नंबर टाकतात, म्हणून आबांच्या लेखी ते इंजिनिअर. दौंडला त्यांच्या चुलतभावाचं लग्न ठरलं आणि हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायची प्री-वेडिंगची फिल्म माझ्याकडं आली. शिरूरच्या बाजारपेठेत माझं लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं दुकान आहे. फिल्म सिनेमासारखी झाली पाहिजे म्हणून दाजी स्वतः नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन ताईसोबत दुकानात आले.

ताईनं लग्नाआधी हार्डवेअरचा डिप्लोमा केलाय. माझा कॉम्प्युटर तिनंच जोडलेला. उघड्या डब्यात डोकावून ती एवढंच म्हणाली, "अहो, ह्यातला पॉवर सप्लाय जुना हाय. एवढ्या मोठ्या कार्डाला पुरायचा न्हाई."

दाजी नुसते हसले. गल्ल्यावर बसलेले आबा म्हणाले, "तू च्या सांग बरं आधी. पाव्हणं बघत्यात न्हवं?"

ताई चहा सांगायला गेली. कार्ड बसलं, आबांनी नारळ फोडला, दाजी पेढा खाऊन गेले.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर मान टाकायला लागला. गाणी लावली तर वाजायची. फिल्म तयार करायला टाकली, की नवरा-नवरी बंधाऱ्यावर हातात हात घेईपर्यंत दम काढायचा, मग पडदा काळा आणि डबडं परत पहिल्यापासून सुरू. फिल्म झाली नसती तर मला कुणी काही बोललं नसतं. ताईला मात्र सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं, की तुझ्या भावाला साधं एक काम जमलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

सप्लाय बदलू म्हटलं, तर आबा अंगावर आले. "पाव्हण्यांनी बसवलंय. आपण उचकायचं आन् त्यांना काय वाटल? फोन लावून इचार."

विचारलं. दाजी म्हणाले ड्रायव्हर टाक. टाकला. रॅम काढून खोडरबरनं घास. घासली. विंडोज नव्यानं मार. मारली. दर वेळी "आता शंभर टक्के" म्हणायचे, आणि दर वेळी ती जोडी बंधाऱ्यावरच अडकायची. आबांनी दोष वायरमनला दिला आणि दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं. खड्डा तेवढा गार झाला.

शेवटी आबा एका दहाव्याला गेले. तिथं पुढाऱ्यांची भाषणं लांबली. पुढाऱ्यांचे माझ्यावर तेवढेच उपकार. मी ताईला फोन केला, तिनं सांगितला तो सप्लाय आणून बसवला, आणि नवरा-नवरी बंधारा ओलांडून पार करवंदीच्या जाळीपर्यंत गेले. फिल्म झाली.

आबा आल्यावर मी सरळ सांगितलं, ताईचंच बरोबर होतं.

"व्हय, पण कार्ड कुणी आणलं?" आबा म्हणाले.

लग्नात फिल्म झकास चालली. मग आबांनी माईकवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. "ज्यांच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली ही फिल्म तयार झाली," असं म्हणत त्यानं दाजींना स्टेजवर बोलावलं. आबांनी स्वतः त्यांना फेटा बांधला. दाजींनी नाही नाही म्हणत मान पुढं केली. मला असा संताप आला, की वाटलं माईक हिसकावून घ्यावा. मी बायकांच्या बाजूला बघितलं.

ताई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. शेजारी तिची सासू बसली होती.