सध्याचा वापर : निरंक

ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, मग तो वयानं कितीही लहान असो. मी ज्या गावाबद्दल लिहितो आहे, तिथे मी सहा वर्षं भाऊसाहेब होतो. पंचायतीचे शिपाई माझ्याहून बरेच मोठे, तरी मला अहो-जाहो करायचे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायचो. नाशिकहून मोटारसायकलवर पोचायला तासभर लागायचा. मामा तोवर ऑफिस झाडून, माठ भरून, दारात उभे असायचे.

त्या वर्षी राज्याकडून काही ग्रामपंचायतींना अनुदान मिळालं. सौर पॅनेल बसवायला नाही, तर आधी आराखडा करायला. गावात सूर्यावरची वीज कुठे तयार होऊ शकेल, छपरं किती, मोकळी जमीन कुठे, तिचा आज काय उपयोग होतो, हे गावानंच बसून ठरवायचं होतं. कल्पना चांगली होती, आणि मला ती मनापासून पटली होती. माझं लहानपण एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राजवळ गेलं. दोरीवरचे कपडे काढताना आई प्रत्येक कपडा झटकायची, राख उडायची. राखेशिवाय वीज होणार आणि तीही शेतकऱ्याला दिवसा मिळणार, यात माझा हात लागणार, याचा मला अभिमान वाटत होता. म्हणून पुढे जे केलं ते मी वाईट हेतूनं केलं नाही, असं अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो.

आराखड्याच्या फॉर्मात जागांचा तक्ता होता. गावच्या वाडीमागचं गायरान सगळ्यात मोठं आणि सपाट, विजेच्या उपकेंद्रालाही जवळ. पुढच्या रकान्यात लिहायचं होतं, ‘सध्याचा वापर’. मामा समोरच बसले होते; कशासाठी ते न सांगता मी त्यांना विचारलं, गायरानावर काय असतं? म्हणाले, “चला भाऊसाहेब, दाखवतो. तितं गेलं म्हंजी समदं दिसंल.” मी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते, ऊन रणरणत होतं आणि दोन दिवसांत आराखडा पंचायत समितीत द्यायचा होता. मी म्हटलं, नकाशा आहे ना. आणि रकान्यात लिहिलं, निरंक, म्हणजे काही नाही. सरकारी कागदात रिकामी जागा सोडायची नसते, म्हणून जिथे काही ठाऊक नाही तिथेही आम्ही निरंक लिहितो. हात इतका सवयीचा असतो की त्या वेळी काही खोटं लिहितोय असं वाटतही नाही.

आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी हवी होती. सभेला माणसं येत नाहीत. आमच्याकडे पद्धत अशी की सह्यांचं रजिस्टर शिपायाच्या हातात देऊन घरोघर फिरवायचं, आणि सभेत काय झालं ते मागाहून निवांत लिहायचं. मामांनी विचारलं होतं, “लोकं इचारतील, काय सांगू?”

मी म्हटलं, “दिवसा लाइट येणार आहे म्हणून सांगा.”

मामा ऊन उतरल्यावर निघाले आणि अंधार पडायच्या आत रजिस्टर भरून घेऊन आले. त्यांची धाकटी बहीण वाडीत राहायची. तिचा नवरा लवकर गेला होता, मुलगा अंबडला कारखान्यात कंत्राटी कामगार होता. घर चालायचं ते मुख्यतः तिच्या सात शेळ्यांवर, आणि त्या चरायच्या गायरानावर. मामांनी हसत सांगितलं, “ती मला म्हनली, दादा, तू सांगतोस म्हनून करते, मला काय वाचता येतंय?” तिचा अंगठा रजिस्टरच्या दुसऱ्या पानावर होता.

आमच्या आराखड्याचं कौतुक झालं. जिल्ह्याच्या बैठकीत मला गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या वर्षी गायरानावर खांब रोवले गेले, मग तारेची जाळी आली, आणि वाडीतल्या बायका शेळ्या घेऊन जाळीपाशी उभ्या राहिल्या. मी पोचलो तेव्हा त्या ऑफिसात आल्या होत्या. मामांची बहीणही होती. त्या दिवशी मला कळलं की गायरानावर फक्त शेळ्या नव्हत्या. बायका तिथून सरपण आणायच्या, पावसाळ्यात रानभाज्या आणायच्या, आणि पलीकडच्या मळ्यांत कामाला जायची वाटही तिथूनच होती.

मग खास ग्रामसभा लागली. या वेळी लोक आले, ओसरीवर मावेनात. कुणीतरी विचारलं, गायरान कुणी दिलं, आम्हाला विचारलं कुणी? सगळे माझ्याकडे बघत होते. मामा दाराशी उभे होते. मी रजिस्टर उघडलं आणि म्हणालो, “सभेचा ठराव आहे. तुमच्या सह्या आहेत. सह्या मामांनी घेतल्यात.”

एकही शब्द खोटा नव्हता.

मला वाटलं होतं मामा म्हणतील, भाऊसाहेबांनी सांगितलं तेवढंच मी सांगितलं. त्यांनी फक्त बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, “दादा, तुला ठावं व्हतं?” गलका इतका झाला की त्यांचं उत्तर कुणाला ऐकू आलं नाही. की त्यांनी दिलंच नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिनं शेळ्या एक-दोन करून विकल्या. त्या वर्षी भाऊबीजेला तिनं मामांना ओवाळलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मामा मला हे सांगत नसत, गावात कळायचं. दिवाळीची सुट्टी संपून मी गेलो की ते नेहमीसारखे दारात उभे असत, आणि मी नेहमीसारखा फाइल उघडत असे. एकदा विचारलं, बरं आहे ना मामा? म्हणाले, “हाय की.” त्यानंतर माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट, तीही लिहून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दशक्रियेला मी पंचवटीत घाटावर गेलो. मागे उभी असलेली दोन माणसं बोलत होती. एक म्हणाला, “माणूस लय चांगला.” दुसरा म्हणाला, “चांगला खरा, पण सख्ख्या बहिणीला फसवलं.” बहीण बायकांत खाली मान घालून बसली होती. मी हात जोडून तसाच निघालो. घरी येऊन दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गेलो. ती अंगणात धान्य निवडत होती. तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी बसलोच नाही. म्हणालो, गायरान जाणार हे मामांना माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. ते मला जागा दाखवायला नेत होते, मी गेलो नाही. सभेत मी त्यांचं नाव पुढे केलं, कारण मी घाबरलो होतो.

तिचे हात सुपात तसेच थांबले. तिनं विचारलं, “सही घेताना त्याला ठावं नव्हतं?”

“नव्हतं.”

“नक्की नव्हतं?”

“नव्हतं.”

तिनं सुनेला हाक मारली, “हिकडं ये. आन् शेजारच्या आक्कालाबी बोलव.” दोघी आल्या. मग कुंपणापलीकडून आणखी एक आली, मग म्हशीला पाणी पाजणारा एक म्हातारा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आता पुन्यांदा सांगा. पहिल्यापासून.”

मी सांगितलं. नवं माणूस आलं की ती मला थांबवायची आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लावायची.