खिडकी बुजवून गेलेल्या कोबेमावशी

कोबेमावशी नव्या जागेत शिरल्या की आधी भिंतीवर टकटक करत. लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा चहा व्हायच्या आतच बाथरूमची भिंत वाजवून म्हणाल्या, "आतून ओल आहे रे. मालकाला आजच कळव." तीन महिन्यांनी तिथला रंग सुटला. त्यांचं खरं ठरलं याचाही मला रागच आला होता.

माझ्या नात्यातल्या त्या कुणी नव्हेत. जपानमध्ये, कोबे बंदराजवळच्या एका जुन्या इमारतीत त्यांनी यजमानांबरोबर वीस वर्षं शिवणाचं दुकान भाड्याने चालवलं, म्हणून हे नाव. यजमान गेल्यावर त्या इथे बहिणीकडे आल्या. कोबेचा मालक किल्ली देताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा कागदावर उतरवून घ्यायचा, आणि सोडताना जागा होती तशी करून मागायचा. "कटकट वाटायची," त्या सांगत, "पण भांडण कधी झालं नाही. सगळं लिहिलेलं."

हॅरोत त्यांनी एक जुनं दुकान भाड्याने घेतलं आणि कागद वाचायला मला बसवलं. मी बँकेतला, म्हणून मला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. माझाही होता. मागच्या खोलीतली खिडकी कुणीतरी कधीकाळी विटांनी बुजवलेली. मावशींना दिवसाच्या उजेडाशिवाय दोऱ्याचा रंग जुळवता येत नसे. खिडकी उघडू का, असं मी दुकानमालकाच्या एजंटला फोनवर विचारलं. "नो प्रॉब्लेम ॲट ऑल," तो गोड आवाजात म्हणाला.

"ईमेल मागव त्याच्याकडून," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, इथे लोक शब्द पाळतात. लेखी मागितलं तर इन्सल्ट वाटेल त्याला."

हे मी बोललो! पुण्यात रिक्षावाल्याशी मीटरवरून हुज्जत घालणारा मी, एका गोऱ्या माणसाच्या गोड बोलण्यापुढे विरघळलो. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चार वर्षं मावशी त्या उघडलेल्या खिडकीशी बसून पार वॉटफर्डपर्यंतच्या बायकांचे ब्लाउज शिवत होत्या. मग लीज संपत आली, एजंटही बदलला. नव्या एजंटने पत्र धाडलं: परवानगीची नोंद नाही, भिंत पूर्ववत करा, मगच लीज वाढेल. मी मालकाला फोनवर वाट्टेल ते बोललो. तो निर्लज्ज शेवटपर्यंत "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन" म्हणत राहिला.

मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. "अंधारात शिवता यायचं नाही मला. सोडते जागा," एवढंच म्हणाल्या. सोडायची तरी भिंत बांधून देणं भाग होतं. त्यांनी गवंडी बोलावला आणि समोर स्टूल टाकून बसल्या. विटांची एक ओळ वाकडी गेली, ती काढून पुन्हा लावायला लावली.

"कशाला एवढं, त्या हलकट माणसासाठी?" मी ओरडलो.

"त्याच्यासाठी नाही रे. माझ्या हातून वाकडं काम नको जायला."

पुढच्या महिन्यात त्या नाशिकला भावाकडे गेल्या. शिवण सुटलं ते सुटलंच. मशीन बहिणीच्या गॅरेजमध्ये पडून आहे.

परवा त्याच दुकानाची जाहिरात पाहिली. 'मागे भरपूर उजेडाची वर्करूम' असं लिहिलंय आणि फोटो खिडकी असतानाचा घातलाय. टेबलावर ऊन आलंय, आणि उन्हात मावशींनी अर्धवट शिवलेला निळा ब्लाउज.